बहुभाषक वर्गात मराठी शिकवताना : नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी

चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, तळोजा... अशा एखाद्या औद्योगिक पट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या किंवा मनपाच्या मराठी शाळेत तुमची नेमणूक झाली असेल, तर पहिल्याच दिवशी हजेरी घेताना तुमच्या लक्षात येईल की वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी मराठी बोलतच नाहीत. कुणाचे वडील गोरखपूरहून कंपनीत हेल्पर म्हणून आलेत, कुणाचे आईवडील कलबुर्गीहून बांधकामावर. कुणी वीटभट्टीवर राहतं, कुणी लेबर कॅम्पच्या पत्र्याच्या खोलीत. डी.एड.ला आपण मराठी शिकवायला शिकतो ते घरात मराठी ऐकूनच शाळेत आलेल्या मुलांना. इथे पाठ्यपुस्तक तेच, पण मुलाचा प्रवास निराळ्या ठिकाणाहून सुरू होतो.

मी अशाच शाळेत शिकवते. नव्या शिक्षकांची पहिली दोन-तीन वर्षं ज्या गोंधळात जातात तो बराचसा टाळता येण्यासारखा आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. पहिली ते पाचवीचे वर्ग डोळ्यांसमोर ठेवलेत. इंग्रजी माध्यमाच्या किंवा केंद्रीय मंडळाच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या आणि मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाली आहे, त्यामुळे हा प्रश्न आता एकट्या मराठी शाळांचा राहिलेला नाही.

१. आधी वर्गाचा भाषा-नकाशा करा

पहिल्या आठवड्यात बाकी काही झालं नाही तरी चालेल, पण हे करा. जनरल रजिस्टरमधल्या 'मातृभाषा' या रकान्यावर विसंबू नका. प्रवेशाच्या गर्दीत तिथे सर्रास 'हिंदी' लिहिलेलं असतं. पालकाला विचारलं तर तोही 'हिंदी' सांगतो, कारण शाळेसारख्या ठिकाणी आपली घरची बोली सांगायची नसते असं त्याला वाटतं. जनगणनेतही हेच होतं. २०११ च्या जनगणनेत भोजपुरी ही मातृभाषा सांगणारे ५ कोटींहून अधिक लोक हिंदीच्या गटात मोजले गेले, आणि बंजारा समाजाची लमाणीही (तिलाच गोरमाटी म्हणतात) त्याच गटात गेली. म्हणजे तुमच्या रजिस्टरमधली 'हिंदी' घरी भोजपुरी असू शकते, मगही किंवा मैथिली असू शकते, गोरमाटी असू शकते. तेलंगणातून आलेलं मूल तेलुगू बोलत असेल असं आपण गृहीत धरतो आणि ते निघतं तांड्यावरचं, घरी गोरमाटी बोलणारं. महाराष्ट्रातल्याच वडार कुटुंबांची घरची बोली तेलुगूच्या जवळची असते.

'तुझी भाषा कोणती?' या प्रश्नाने काही कळत नाही. हे विचारा :

- गावाकडच्या आजीशी फोनवर कसं बोलतोस? दोन वाक्यं बोलून दाखव.
- आई रागावली की काय म्हणते?
- धाकट्या भावाला झोपवताना कोणतं गाणं म्हणता?
- खेळताना मित्रांशी कोणत्या भाषेत बोलतोस?
- गावच्या शाळेत गेला होतास का? तिथे पाटीवर काय लिहायचास? लिहून दाखव.

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. पूर्वी कुठल्या तरी लिपीत वाचायला शिकलेलं मूल आणि कुठल्याच लिपीत वाचता न येणारं मूल यांची वाट पूर्ण वेगळी असते. मराठी पाटीवर दोघंही गप्प बसतात, म्हणून आपण दोघांना एकाच ओळीत बसवतो.

हे एकेका मुलाजवळ बसून विचारा, सगळ्या वर्गासमोर नको. पारधी मुलं आपली बोली शाळेत लपवतात, आणि त्याला कारण आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने सबंध जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये गेला, लोकांच्या मनातला शिक्का गेलेला नाही. त्या मुलाने स्वतःहून एखादा शब्द सांगितला तर तो वर्गाने आदराने ऐकेल अशी सोय आधी करायची आणि मगच विचारायचं.

मिळालेल्या माहितीचा एका पानाचा तक्ता करा : नाव, घरची भाषा, मित्रांची भाषा, कोणती लिपी येते, मराठी ऐकून समजते का, बोलता येते का. वर्षात तीनदा हा तक्ता नव्याने भरा : जूनमध्ये, दिवाळीनंतर आणि मार्चमध्ये.

२. कागदपत्रं : अडवू नका, पण मागे लागा

या मुलांचे प्रवेश कागदांवाचून रखडतात. कायदा तुमच्या आणि मुलाच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला हेही प्रवेश रोखण्याचं कारण होऊ शकत नाही (कलम ५). उशिरा आलेल्या मुलाला वयाला अनुरूप वर्गात बसवायचं आणि त्याला विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं (कलम ४).

प्रवेशाच्या वेळी एवढं विचारून ठेवा :

- जन्मदाखला किंवा आधार. नसल्यास पालकाचं लेखी निवेदन
- आधीच्या शाळेचा दाखला, किंवा निदान त्या शाळेचं नाव, गाव, तालुका, जिल्हा
- यू-डायस प्लसवरचा (शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवरचा) विद्यार्थ्याचा पेन क्रमांक, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, आधीच्या शाळेत नोंद झाली असेल तर
- मुकादम किंवा ठेकेदार यांच्याखेरीज एखाद्या नातेवाइकाचा फोन नंबर
- गावाकडचा एक नंबर. कुटुंब हललं की इथला नंबर बंद होतो, गावचा चालू राहतो

एक सापळा : वयाने चौथीत बसणाऱ्या मुलाला 'मराठी येत नाही ना, मग पहिलीत बसू दे' असं म्हणून खाली बसवतात. दहा वर्षांचं मूल सहा वर्षांच्या मुलांत बसवलं की ते भाषा शिकण्याआधी शाळा सोडतं. ते समवयस्कांत असेल तरच बोलेल. मराठीसाठी त्याला रोज वेगळा अर्धा-पाऊण तास द्या, वर्ग मात्र त्याच्या वयाचाच ठेवा.

३. पहिले दोन महिने कान आणि तोंड

इथे तुमच्यावर सगळ्यांत जास्त दबाव येईल. शेजारच्या वर्गात मुळाक्षरं सुरू झालेली असतील, केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटाचे पर्यवेक्षक) वह्या बघायला मागतील. तरी ज्या मुलांना मराठी ऐकून समजत नाही त्यांना अक्षरांत ढकलू नका. 'घ घराचा' म्हणताना घर हा शब्दच माहीत नसलेल्या मुलाला घ कशाचा हे कळण्याचा मार्ग नाही. ते आकार गिरवतं, फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवून काढतं आणि वाचायला सांगितलं की तुमच्या तोंडाकडे बघतं. अशा वह्या स्वच्छ आणि भरलेल्या असतात, त्यामुळे तपासणीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

त्याऐवजी कृतीतून शिकवा. आज्ञा ऐकायची आणि शरीराने करायची, या पद्धतीचा अभ्यास अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात केला. आपल्याला त्यासाठी महागडं साहित्य लागत नाही. मी हे घेऊन बसते : एक तांब्या, दोन वाट्या, एक डबा, चार दगड, एक ओढणी. मुलं गोल बसतात. मी आधी स्वतः करून दाखवते आणि बोलते : 'दगड उचल. दगड वाटीत टाक.' मग एकाला करायला लावते. मग : 'वाटीतला दगड काढ. डब्यात टाक. डबा टेबलावर ठेव. डब्यावर ओढणी टाक.' पाचव्या दिवशी उलटसुलट : 'तांब्यातलं पाणी वाटीत ओत आणि वाटी शेजारच्याला दे.' मुलाने काहीच बोलायचं नसतं, फक्त करायचं. महिनाभराने मुलंच हुकूम सोडायला लागतात आणि बाईंना कामाला लावण्यात त्यांना फार मजा येते.

यात काय साधतं ते बघा. डबा, डब्यात, डब्यावर, डब्यातला, वाटी, वाटीत, वाटीतला, तांब्या, तांब्यातलं. मराठीत शिरताना सर्वांत जास्त छळणारी गोष्ट म्हणजे सामान्यरूप (प्रत्यय लागण्याआधी शब्दात होणारा बदल), आणि ते इथे नियम न सांगता कानावर शेकडो वेळा पडतं.

मूल काही आठवडे, कधी काही महिने अजिबात बोलणार नाही. ते ऐकत असतं. त्याच्या डोळ्यांकडे आणि हातांकडे बघा : सांगितलेली वस्तू उचलतं का, गोष्टीत हसायच्या जागी हसतं का? तसं होत असेल तर काळजीचं कारण नाही. 'बोल ना, तोंड उघड' असं म्हणून त्याला उभं करू नका. मात्र घरच्या भाषेतही बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर ऐकण्याची तपासणी करून घ्या आणि समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना कळवा. नवी भाषा म्हणून आलेली शांतता आणि ऐकू न येण्यामुळे आलेली शांतता बाहेरून सारखीच दिसते.

४. हिंदीचं काय करायचं?

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या निर्णयावरून राज्यात मोठा वाद झाला आणि शासनाने निर्णय मागे घेतला. आपल्या वर्गातला प्रश्न त्याहून वेगळा आहे. अशा वर्गात काही दिवसांतच मैदानावरची भाषा हिंदी होते, कारण बहुतेकांना ती थोडीफार येते. मग शिक्षकही हळूहळू हिंदीत उतरतात. सूचना हिंदीत, रागावणं हिंदीत, गणित हिंदीत समजावणं आणि पुस्तक उघडलं की मराठी. वर्षअखेर असं होतं की मुलांना मराठीत फक्त पाठाचे प्रश्न ऐकू येतात. मराठीत काही मागावं, भांडावं, सांगावं अशी वेळच येत नाही. जी भाषा कधी कामाला लागत नाही ती मुलं शिकत नाहीत. मराठी शाळेत चार वर्षं काढूनही धड मराठी न बोलणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या बुद्धीत काही उणं नव्हतं.

यात आणखी एक अन्याय दडलेला असतो. वर्गात एक-दोन मुलं कन्नड, तेलुगू किंवा उडिया बोलणारी असतात. त्यांच्यासाठी तुमची हिंदीही परकीच. म्हणजे मराठीपर्यंत पोहोचायला त्यांना आधी हिंदी शिकावी लागते.

मी पाळते ते नियम असे. रोजची कामं मराठीतच : हजेरी, पोषण आहाराची रांग, पाणी प्यायला जायची परवानगी, वह्या वाटणं, भांडण सोडवणं. ही वाक्यं रोज तीच असतात म्हणून लवकर रुजतात. नवी संकल्पना अडली की मुलाच्या घरच्या भाषेचा आधार घ्यायचा, जी असेल ती. मला तेलुगू येत नाही, पण वर्गातली एखादी तेलुगू मुलगी, जिला आता मराठी येते, ती नव्या मुलाला समजावून सांगते. तिला मी त्यासाठी त्याच्या शेजारी बसवते. आणि हिंदी बोलल्याबद्दल शिक्षा नाही, दंड नाही, 'मराठीत बोल' असं दटावणं नाही. मूल म्हणालं, 'मॅडम, पेन्सिल टूट गयी', की मी म्हणते, 'पेन्सिल तुटली? बघू. दुसरी देऊ का?' एवढंच. त्याला उत्तरही मिळतं आणि वाक्यही.

मुलांची घरची भाषा शाळेत दिसली पाहिजे. भिंतीवर एक तक्ता लावा आणि त्यावर रोजचे वीस शब्द सगळ्या भाषांत देवनागरीत लिहा. आई, अम्मा, अव्वा, माई, याडी. पाणी, नीरु, नीळ्ळु. शब्द मुलांकडूनच घ्या, नेमका उच्चार त्यांनाच विचारा. वर्गातल्या मराठी मुलांनीही ते शब्द म्हणायचे. भाषा फक्त परक्याच मुलाने शिकायची, असं वातावरण राहिलं की चेष्टा सुरू होते.

राज्यघटनेचं कलम ३५० क (१९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेलं) प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याविषयी सांगतं, आणि शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ शक्य तितकं मातृभाषेतून शिकवण्याबद्दल. एका वर्गात सहा-सात भाषा असल्या तर सहा माध्यमं चालवता येत नाहीत, हे खरं. पण 'शक्य तितकं' यात समजावून सांगणं, गोष्टी, गाणी, शेजारी बसवणं हे सगळं येतं. कुणी हरकत घेतली तर हे कलम दाखवा.

५. लिपीकडे वळताना मुलांचे गट करा

देवनागरी वाचता येणाऱ्या हिंदीभाषक मुलांना मुळाक्षरांपासून बसवू नका. त्यांना वेगळं शिकवायचं ते थोडंच आहे : ळ, 'ऱ्य'मधला अर्धा र, मराठी वळणाचे ल आणि श, आणि च-ज-झ यांचे दोन-दोन उच्चार. 'चमचा'तला च आणि 'चिमणी'तला च वेगळा आहे हे पुस्तक सांगत नाही, तुम्हालाच म्हणून दाखवावं लागेल.

कन्नड, तेलुगू वाचता येणाऱ्या मुलांची वर्णमाला आपल्यासारखीच क-ख-ग-घ या क्रमाने जाते. दोन्ही लिपींचा शेजारी शेजारी तक्ता दिलात तर हुशार मूल काही आठवड्यांत देवनागरी उचलतं. अडतं ते पहिल्या वेलांटीपाशी, कारण उच्चारात नंतर येणारी इ आपण अक्षराच्या आधी लिहितो. त्यावर दोन दिवस जास्त द्या. उर्दू वाचणाऱ्या मुलांची ओळ उजवीकडून सुरू होते आणि त्यांना ऱ्हस्व स्वर लिहायची सवय नसते, म्हणून ती 'किताब' लिहिताना 'कताब' लिहू शकतात. हा निष्काळजीपणा नव्हे.

कुठलीच लिपी न आलेल्यांना नेहमीच्या क्रमाने शिकवा, पण अक्षर शिकवताना शब्द तिसऱ्या पायरीत बोलून झालेलेच घ्या. गणपतीतला ग, घरातला घ आपल्याला सोपा वाटतो. वीटभट्टीवरच्या मुलाला विटेतला व आणि मातीतला म जास्त जवळचा आहे.

६. चूक कोणत्या घरची आहे ते ओळखा

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चुका रँडम नसतात. मूल आपल्या भाषेचा नियम मराठीला लावून बघतं, आणि तो नियम तुम्हाला कळला की काय शिकवायचं तेही कळतं.

हिंदी पट्ट्यातलं मूल 'घरमध्ये', 'पाणीमध्ये' म्हणतं, कारण हिंदीत 'घर में', 'पानी में' होताना शब्द बदलत नाही. त्याला 'घरात, पाण्यात, शाळेत' हे वर सांगितलेल्या खेळातून भरपूर द्या. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून 'ती पुस्तक', 'माझा घर' येतं. शब्द शिकवताना तो, ती, ते लावूनच शिकवा : 'तो फळा, ती खुर्ची, ते पुस्तक'. ण आणि ळ घसरतात, पाणीचं पानी होतं. भोजपुरी मुलाच्या तोंडी श चा स होतो आणि ळ चा ल, त्यामुळे 'शाळा' म्हणताना भलताच शब्द बाहेर पडतो आणि वर्ग हसतो. हसणं तिथल्या तिथे थांबवा. एकदा असं हसू झालेलं मूल तो शब्द वर्षभर टाळतं, आणि शाळा हा शब्द टाळून शाळेत कसं बोलणार?

भोजपुरी बोलणारी मुलं स्वतःविषयी 'हम' म्हणतात, म्हणून मराठीत 'मी'च्या जागी 'आम्ही' येतं. 'आम्ही काल पडलो' म्हणालं तर दोन मुलं पडली असं समजू नका.

'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक हिंदीत नाही, म्हणून हिंदीभाषक मुलं 'बाई, आम्ही खेळूया' म्हणतात. तेलुगू मुलांना हा फरक घरूनच येतो : समोरच्याला धरून 'मनम्', वगळून 'मेमु'. गुजराती मुलांनाही येतो. वर्गात हा मुद्दा समजावून द्यायचं काम त्यांना द्या. एरवी मागे राहणारी मुलं इथे पुढे असतात आणि त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

कन्नड आणि तेलुगूत निर्जीव वस्तूंना स्त्री-पुरुष भेद नाही. खुर्ची 'ती' आणि फळा 'तो' का, याला त्यांच्या दृष्टीने काही कारणच नाही. ती 'खुर्ची तुटलं' म्हणतील. तेलुगूत एकवचनी स्त्रीला आणि वस्तूला क्रियापदाचं एकच रूप लागतं, म्हणून 'आई आलं' असंही ऐकू येतं. यात आईचा अनादर नाही. उडिया आणि बंगालीत व्याकरणातलं लिंग नाहीच, त्यांना यात सर्वांत जास्त वेळ लागतो. उलट उडिया मुलांना ळ आणि ण आधीपासून येतात. कन्नड-तेलुगू मुलांच्या रोजच्या बोलण्यात ख, घ, भ असे महाप्राण सैल पडतात आणि 'घर'चं 'गर' होतं. तोंडासमोर कागदाचा चिटोरा धरून 'घ' म्हणायला लावा. कागद हलला की उच्चार बरोबर.

सुधारताना एका वेळी एकच गोष्ट धरा. मूल सांगत असताना मध्ये तोडू नका. त्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या, मग बरोबर रूप तुमच्या उत्तरात वापरा. लाल पेनाने सगळं पान रंगवलं तर त्यातलं काहीच ते वाचत नाही.

७. मराठी येईपर्यंत गणित आणि परिसर थांबवू नका

अनोळखी गोष्ट ओळखीच्या भाषेत शिकवायची आणि अनोळखी भाषा ओळखीच्या गोष्टींवर शिकवायची. दोन्ही अनोळखी एकदम समोर आलं की मूल बंद पडतं. बैलपोळ्याचा पाठ शहरी लेबर कॅम्पमधल्या उडिया मुलाला घेताना आधी बैलपोळ्याचं चित्र, व्हिडिओ, त्याच्या गावात बैलांचं काय करतात ते बोलणं, मग पाठ.

गणितासाठी फारच उपयोगी गोष्ट : बालभारती मराठीखेरीज हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी माध्यमांचीही पुस्तकं काढते आणि ती ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. तेलुगू वाचता येणाऱ्या मुलाच्या हातात मराठी आणि तेलुगू दोन्ही पुस्तकं द्या. गणित त्याला आपल्या लिपीत समजतं आणि मराठी शब्द त्यासोबत मिळतो.

उदाहरण घ्या : 'रमेशकडे १२ पेरू होते. त्यातले ५ पेरू त्याने मित्रांना दिले. किती उरले?' बारातून पाच वजा करता येणारं मूल 'उरले'पाशी अडतं. अशा शब्दांची यादी वेगळी शिकवा : एकूण, मिळून, उरले, प्रत्येकी, समान, जास्त, पेक्षा, पट, अर्धा, पाव. एकेक शब्द दगड-गोट्यांनी करून दाखवा.

संख्यांची नावंही कठीण असतात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी मांडणी आली तेव्हा बराच गदारोळ झाला. पण कन्नड-तेलुगूत संख्या तशीच बोलतात, आधी दशक आणि मग एकक. या मुलांना 'वीस पाच म्हणजे पंचवीस' असं दोन्ही जोडून सांगितलं तर ५२ आणि २५ यांची अदलाबदल थांबते.

८. भाषा आणि विषय यांचं मूल्यमापन वेगळं ठेवा

परिसर अभ्यासाच्या पेपरात मुलाला उत्तर माहीत आहे का हे बघायचं असेल तर त्याला चित्र काढू द्या, वस्तू दाखवू द्या, घरच्या भाषेत सांगू द्या. वर्गातलं दुसरं मूल मराठीत सांगेल. मराठीचा स्तर मराठीच्या तासाला बघा. वाचनाची पडताळणी अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी करताना नोंदवहीत आणखी एक रकाना करा : 'इतर लिपीत वाचतो/वाचते'. नाहीतर हिंदी किंवा तेलुगू फडाफडा वाचणारं मूल 'प्रारंभिक स्तर' म्हणून नोंदलं जातं आणि तो शिक्का पुढच्या वर्गापर्यंत जातो.

उलट फसगतही होते. मूल मैदानावर झकास मराठी बोलायला लागलं की आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि त्याचा जादा तास बंद करतो. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून हे दाखवलं की रोजचं बोलणं साधारण दोन वर्षांत जमतं, पण शाळेच्या पुस्तकातली भाषा समवयस्कांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणजे पहिलीत आलेल्या मुलाला पाचवीतही भाषेचा आधार हवा असतो. चौथीत 'बोलतो तर छान, मग पेपरात का पडतो?' असा प्रश्न पडला तर हे आठवा आणि वरच्या वर्गाच्या शिक्षकांनाही सांगा.

९. पालकांशी बोलताना

पालकसभा शाळेच्या वेळेत ठेवली तर येणारे रोजंदारी बुडवून येतात, किंवा येतच नाहीत. कंपनीची पाळी सुटते तेव्हा किंवा सुट्टीच्या दिवशी वस्तीवर जा. 'ताई', 'भैया', 'अम्मा', 'अक्का' जे त्यांच्यात चालतं ते म्हणा. सोबत मोठ्या वर्गातलं त्यांच्या भाषेचं मूल न्या, पण तक्रार सांगायला त्याला दुभाषी करू नका. एका मुलाने दुसऱ्याच्या आईला 'हा अभ्यास करत नाही' हे सांगणं दोघांनाही वाईट.

पालक हमखास विचारतात, 'घर में मराठी बोलें क्या?' सरळ नाही म्हणा. त्यांना जी भाषा नीट येते त्या भाषेत मुलाशी भरपूर बोलायला सांगा : गोष्टी, गावच्या आठवणी, आज कामावर काय झालं ते. घरची भाषा पक्की असलेलं मूल दुसरी भाषा चांगली शिकतं. तोडकीमोडकी मराठी घरात आणली तर बोलणंच कमी होतं.

आणि आईला एकदा वर्गात बोलवा, तिच्या भाषेत गोष्ट सांगायला. लिहिता-वाचता न येणारी आईही गोष्ट सांगू शकते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड, उडिया अशा अनेक भाषांत फुकट गोष्टी आहेत. तीच गोष्ट मराठीत आणि त्या भाषेत दोन्ही छापून ठेवलीत तर मूल ती घरी नेऊन वाचून दाखवतं.

१०. मध्येच जाणाऱ्या मुलांसाठी

बांधकाम संपलं की कुटुंब दुसऱ्या साइटवर जातं. वीटभट्टी पावसाळ्यात बंद होते. उत्तर भारतातली कुटुंबं छठला किंवा उन्हाळ्यातल्या लग्नसराईत गावी गेली की महिना-दीड महिना येत नाहीत. हे तुमच्या हातात नाही. मूल परत आलं की कुठून सुरू करायचं, हे मात्र तुमच्या हातात आहे.

प्रत्येक मुलाची एक पातळ वही वेगळी ठेवा. त्यात शिकलेले शब्द, ओळखता येणारी अक्षरं, शेवटचा पूर्ण झालेला घटक आणि भाषा-नकाशातली त्याची ओळ. मूल जाताना या वहीचा फोटो पालकाच्या फोनवर पाठवा. जिल्ह्याबाहेर पण राज्यातच जात असेल तर शिक्षण हमी कार्ड करून द्या, म्हणजे तिकडची शाळा त्याला लगेच बसवून घेईल. आपल्या केंद्रातले बालरक्षक (शाळाबाह्य मुलांना शाळेत आणण्याचं काम करणारे शिक्षक) कोण आहेत ते माहीत करून घ्या आणि मूल ज्या तालुक्यात गेलं तिथल्या शाळेला त्यांच्यामार्फत फोन करा. दाखल्यासाठी पालकाला दोन-दोन हेलपाटे घालायला लावू नका. ज्या दिवशी निघतात त्याच दिवशी हातात द्या, कारण संध्याकाळच्या गाडीने ते गेलेले असतात.

रोज लागणाऱ्या वस्तू एका पेटीत भरून ठेवा : तांब्या, वाट्या, डबा, दगड, ओढणी, घरातल्या वस्तूंची चित्रं, तो-ती-ते लिहिलेल्या तीन रंगांच्या पट्ट्या, दोन लिपींचे तक्ते, गणिताच्या शब्दांची यादी, छापलेल्या गोष्टी आणि कोऱ्या पातळ वह्या. नवं मूल वर्षात कोणत्याही दिवशी दारात उभं राहतं, अगदी फेब्रुवारीतही. त्या दिवशी पेटी काढायची, भाषा-नकाशाचे पाच प्रश्न विचारायचे आणि त्याला त्याची भाषा समजणाऱ्या मुलाशेजारी बसवायचं.